बाळाचं आजारपण आणि एक प्रथिन

आपल्या अस्थिमज्जेत बी-पेशी घडतात आणि पुढे त्याच जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं तयार करण्याचं काम करतात. घडताना त्यांना टप्प्याटप्प्यावर वाढीचा संदेश मिळावा लागतो. तो पेशीच्या आत पोचवणारं एक प्रथिन म्हणजे बीटीके. ते नसेल, तर बी-पेशी कोवळ्या अवस्थेतच अडकतात.

बीटीकेच्या अभावाने होणारा हा आजार १९५२ साली अमेरिकेतले डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलात ओळखला. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं सहा महिन्यांच्या सुमारास ओसरतात. मग कान फुटणं, न्यूमोनिया पाठ सोडत नाहीत.

रक्ताच्या लहानशा नमुन्यात बी-पेशी आणि बीटीके, दोन्ही तपासता येतात. मुंबईत परळची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी अशा आजारांवर काम करते. ठरावीक काळाने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, दिल्यास मूल शाळेत जातं, मोठं होतं.

तुमचं गाव मेहकर असो, खामगाव असो की सिंदखेडराजा, बाळाला वारंवार गंभीर संसर्ग होत असेल, किंवा त्याचा भाऊ वा मामा लहानपणी अशाच आजाराने दगावला असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.