ससाण्यांची गाणी आणि त्यांच्या आया

(गटाच्या अभ्यासबैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एकीने विचारलं होतं, की बायकांना शिव्या घालणारं रॅप संगीत आपण कशाला ऐकायचं? प्रश्न रास्त आहे. बरंचसं रॅप तसंच आहे आणि मी त्याची वकिली करायला उभी नाही. पण आज जिच्याविषयी बोलणार आहे ती ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर मला झोप लागली नाही. तिच्याशी माझं भांडणही आहे. दोन्ही सांगते.

गोष्ट ब्राझीलची, रिओ द जानेरोची. शहराच्या पश्चिम भागात ‘सिदादे दे देउस’, म्हणजे ‘देवाचं नगर’ नावाची वस्ती आहे. १९६० च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून सरकारने माणसं तिथे नेऊन टाकली. (गरिबाला उचलून शहराबाहेर ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) एम. व्ही. बिल हा गायक तिथलाच. त्यातल्या आद्याक्षरांचा अर्थ ‘सत्याचा निरोप्या’. तो आणि त्याचा सहकारी सेल्सो अताईदे १९९८ पासून कॅमेरा घेऊन रिओत आणि इतर शहरांतल्या वस्त्यांत हिंडले. अमली पदार्थांच्या धंद्यात राबणाऱ्या पोरांना त्यांनी बोलतं केलं. त्यातून झालेला ‘फाल्काव’ हा माहितीपट १९ मार्च २००६ ला, रविवारी रात्री, देशातल्या सर्वांत मोठ्या वाहिनीवर दाखवला गेला.

फाल्काव म्हणजे ससाणा. रात्रभर जागून पोलिसांवर आणि दुसऱ्या टोळीवर नजर ठेवणाऱ्या पोराला तिथे हे नाव आहे. माल विकण्याच्या जागेला म्हणतात ‘बोका’, म्हणजे तोंड. पोलिस दिसले की पोरं फटाके उडवून इशारा देतात. आपल्याकडे फटाके कशासाठी उडतात ते आठवा आणि मग तो आवाज ऐका.

कॅमेऱ्यासमोर बोललेल्या मुख्य मुलांची संख्या १७. चित्रीकरणाच्या काळातच त्यातली १६ मेली. जो एक वाचला तो तुरुंगात होता म्हणून वाचला. त्याला सर्कशीत विदूषक व्हायचं होतं.

त्याच वर्षी बिलची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या नावातही ‘फाल्काव’ आहे, आणि पुढच्या शब्दांचा अर्थ साधारण ‘मामला खुळा आहे’ असा. मामल्यासाठी वापरलेला बोलीतला शब्द ‘माल’ या अर्थानेही चालतो.

माहितीपटातलं संगीत बहुधा आपल्याला कुठे रडायचं ते सांगतं. प्रेत दिसलं की सारंगी. रॅप हे मुळात बोलणंच आहे, तालावर बसवलेलं. पोरगा अंधारात तोंड झाकून सांगतो, की मी मेलो तर माझ्यासारखा दुसरा येईल, आणि बिल तालावर सांगतो, यात अंतर फार थोडं. गाणारा बाहेरून दया करायला आलेला नाही. आपल्याकडे जलशातले शाहीर असेच वस्तीतून उठले. त्यांच्या बोलण्यातला राग साजूक करून घ्यावा असं कोणाला वाटलं नाही. ज्यांना वाटलं ते जलशाला गेलेच नाहीत.

पण अशा गाण्याने बंदुकीचं कौतुक होतं का? हा आरोप बिलवर झालाच. ‘टेकडीवरचा शिपाई’ अशा अर्थाच्या गाण्याच्या चित्रफितीत त्याने २००० साली सशस्त्र पोरं दाखवली, तेव्हा गुन्ह्याचं समर्थन केल्याचा ठपका त्याच्यावर आला. उलट, याच वस्तीवरचा ‘सिटी ऑफ गॉड’ हा २००२ चा कथापट जगभर वाखाणला गेला, तेव्हा बिलनेच जाहीर विचारलं, की नाव तुमचं झालं, वस्तीच्या वाट्याला काय आलं? बंदूक दाखवल्याने कौतुक होत नाही. ती धरणाऱ्याला रात्री भूक लागते हे लपवलं की होतं. ‘फाल्काव’ ते लपवत नाही.

आता माझं भांडण. बहुतेक पोरांना बाप माहीत नाही, किंवा असून नसल्यासारखा. आईवर मात्र जीव. तिला घर बांधून द्यायचं, तिला रडवायचं नाही. आई सगळीकडे आहे, पण बोलतो मुलगा आणि गातो पुरुष. रात्रभर ससाणा जागतो, ते खरं. दाराआड आणखी एक जण जागी असते. तिच्या जागरणाला ताल कोणी द्यायचा?

हे त्या दोघांच्याही लक्षात आलं असावं. २००७ साली त्यांनी स्त्रिया आणि हा धंदा यांवर वेगळं पुस्तक काढलं. बिलबरोबर वस्त्यांची संघटना उभारणारी नेगा गिझा ही स्वतः रॅप गायिका. तिची ‘ना उमिल्दादे’ ही ध्वनिमुद्रिका २००२ ची, म्हणजे ‘फाल्काव’च्याही आधीची. पण रविवारच्या रात्री देशाने ऐकलं ते पोरांना.

आणि बायका काही फक्त वाट पाहत नाहीत. ब्राझीलच्या तुरुंगांत २००० साली साधारण ५,६०० स्त्रिया होत्या, २०१६ मध्ये ४२ हजारांवर. त्यातल्या दर १०० पैकी ६० हून अधिक अमली पदार्थांच्या आरोपाखाली. बऱ्याच जणी धंद्याच्या तळाशी असतात: पुड्या बांधणाऱ्या, माल पोचवणाऱ्या, कोणाचा तरी माल घरात ठेवणाऱ्या. ज्या आत नाहीत त्या रांगेत असतात, मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या भेटीसाठी. कपडे उतरवून या बायकांची झडती घेण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालली. अशी अपमानास्पद झडती बेकायदा असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. पोराला बंदूक मिळते, निदान काही महिने रुबाब मिळतो. हिला ते काहीच मिळत नाही. म्हणून तिच्यावर गाणं होत नाही की काय, कोण जाणे.

आता ध्वनिमुद्रिका लावूया. भाषा पोर्तुगीज आहे, त्यामुळे गाण्यांच्या आशयाचे कागद मी वाटले आहेत. आई जिथे जिथे येते तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि ती तिथे काय करते तेही शेजारी लिहा. चहा झाल्यावर त्या खुणा मोजू.