खिळा लहान, जखम खोल

लावणीचे दिवस आहेत, म्हणून आज बचतीचा विषय बाजूला ठेवते.

परवा बारवीकडच्या एका गटाच्या बैठकीला एक वहिनी लंगडत आल्या. चिखलात पायात खिळा गेला होता. तो उपटला, हळद भरली, वर घट्ट चिंधी बांधली. "जखम मिटली गं, रक्तही आलं नाही," म्हणाल्या. मला तर तेच ऐकून धास्ती वाटली.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. गंजच हवा असं नाही, साध्या काट्यानेही तो आत जातो. उघड्या हवेत तो वाढत नाही, कवच घेऊन बियाण्यासारखा वर्षानुवर्षं पडून राहतो. खोल, मिटलेल्या जखमेत प्राणवायू पोचत नाही, तिथे तो जागा होतो.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी लगेच तिकडे धावतात. त्या जंतू गिळतात आणि प्राणवायूपासून जहाल रसायनं बनवून त्याला मारतात. पण जिथे प्राणवायूच नाही, तिथे वारा नसलेल्या चुलीसारखी गत होते. पेशींकडे दुसरी हत्यारं असतात, पण जोर कमी पडतो. तेवढ्यात जंतू विष सोडतो. ते नसांमधून वर मज्जारज्जूकडे चढतं. दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी ताणते. रक्तातली प्रतिपिंडं या विषाला वाटेत धरू शकतात, पण ते नसेत शिरलं की त्यांचा हात पोचत नाही.

आणि एक गोष्ट मलाही उशिरा कळली. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, धनुर्वाताचं तसं नाही. माणसाचा जीव घेणारं विष इतकं थोडं असतं, की पेशींना त्याची ओळखही होत नाही. त्यातून वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते. लशीत तेच विष निर्विष करून देतात, म्हणून पेशी आधीच शिकून तयार राहतात.

गरोदरपणी टीडी घेतली की आईची प्रतिपिंडं बाळाकडेही जातात. 2015 मध्ये भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्यात धनुर्वाताच्या लशीचा आणि स्वच्छ बाळंतपणाचा मोठा वाटा. जंतू मात्र मातीतून गेलेला नाही. मुलामुलींना 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडी मिळते. पुढे बाईला निदान गरोदरपणी तरी विचारतात, नांगर धरणाऱ्या पुरुषाला कोण विचारतं?

वहिनींना शेवटची सुई आठवेना. मग म्हणाल्या, धाकट्याच्या वेळची. तो आता बारावीत आहे! मळकी जखम असेल आणि पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा टीडी लागते. लहानपणचे डोस अपुरे असतील, तर डॉक्टर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात.

बैठक तिथेच थांबवली. चिंधी सोडली, वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली आणि रिक्षाने आरोग्य केंद्र गाठलं. हप्ते दुसऱ्या दिवशी गोळा केले. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या प्रत्येकाच्या शेवटच्या सुईचं साल विचारून या, वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊ.