कुकडीकाठची पाहुणी राख

चुलीतली राख आपल्या रोजच्या पाहण्यातली. आज बोलू या जमिनीतल्या राखेविषयी.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गाव आहे. तिथे नदीच्या दरडीत पांढुरका, पिठासारखा मऊ थर दिसतो. ती साधी माती नव्हे, ज्वालामुखीची राख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती तपासली. तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारेही सापडली.

आपला काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो इथल्याच लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख मात्र पाहुणी! सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, सुमारे ३,००० किलोमीटरवरून ती वाऱ्याबरोबर आली. कुणी अभ्यासक तिला ७५ हजार वर्षांची मानतात, कुणी त्याहून कितीतरी जुनी. अशी राख दाबली जाऊन घट्ट झाली की तिचा हलका, सच्छिद्र खडक होतो.

चुनखडीही पांढरीच असते. मग ओळखायचे कसे? चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर त्यात बहुधा चुना आहे. राखेत काचेचे बारीक कण असतात, म्हणून ती फुंकू नका, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

कुकडी पुढे घोडनदीला मिळते. म्हणून जुन्नरच्या आणि आंबेगावच्या आपण सगळ्याजणी एक करू या. विहीर खणताना, माती उपसताना असा थर दिसला तर बचत गटाच्या बैठकीत सांगू, ग्रामसभेत विषय मांडू. ट्रॉलीत भरून गेलेला थर पुन्हा मिळत नाही.