चामड्याच्या सोफ्यासाठी पहिलं मशीन

सुरतच्या उधना, लिंबायत भागात खानदेशातली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथल्या तुमच्यापैकी कुणी सोफ्याच्या कामात उतरत असेल, तर साध्या शिलाई मशीनवर चामडं घालू नका. खालचा थर पुढे सरकतो, वरचा अडतो आणि शिवण वाकडी जाते. वॉकिंग फूटचं मशीन घ्या. त्यात सुई, वरचा पाय आणि खालचे दाते एकदमच पुढे जातात. सर्वो मोटर हवीच, वळणावर एकेक टाका सावकाश घालता येतो. चामड्यात चुकीचं पडलेलं भोक बुजत नाही! सुई चामड्याचीच, 18 नंबर किंवा जाड. दोरा बाँडेड नायलॉनचा. जुनं मशीनही चालेल. पण आपलं चामडं नेऊन चार पदर शिवून पाहा, मगच पैसे द्या.