दर्यावर कोण गेलंय, ते वहीत लिहा

आज आपण ओखी वादळाबद्दल बोलणार आहोत.

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी श्रीलंकेजवळ कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं चक्रीवादळ झालं. केरळ आणि कन्याकुमारीकडच्या कितीतरी नौका त्याआधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. किनारा मागे पडला की मोबाइल बंद. साध्या वायरलेसचा आवाजही तेवढ्या लांब पोचत नाही. बंदरात बावटा लावला, तरी त्यांना तो दिसणार कसा?

वादळ पुढे लक्षद्वीपवर गेलं. मिनिकॉय आणि कल्पेनी बेटांवर माड आडवे झाले, होड्या फुटल्या. बेटावर शेती ती केवढी! होडी गेली की घरची कमाईच गेली. तरीही वादळात सापडलेल्या अनेक नौकांना लक्षद्वीपच्याच बेटांवर आसरा मिळाला. काही नौका तर थेट आपल्या सिंधुदुर्गात आल्या. ६८ नौका आणि त्यांवरची ९५२ माणसं सुखरूप किनाऱ्याला लागली.

पण पुष्कळ जण परतलेच नाहीत. नक्की किती, याचा मेळ बसेना. सरकारी यादीत एक आकडा, गावागावांतल्या चर्चनी केलेल्या यादीत दुसरा. देह मिळाला नाही, तर घरच्या बाईने काय करायचं? बेपत्ता माणसाला कायद्याने मृत मानायला एरवी सात वर्षं जावी लागतात. तोवर मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्यावाचून विमा, बँक, सगळंच अडतं. ओखीनंतर बेपत्ता मच्छीमारांच्या घरी मदत द्यायला सरकारांना वेगळे निर्णय घ्यावे लागले.

म्हणून किनाऱ्यावरच्या बचत गटांना आम्ही सुचवतो, एक वही घाला. नौका निघाली की तिचं नाव, नोंदणी क्रमांक, तांडेल कोण, खलाशी कोण, घरचे फोन, निघाली कधी आणि येणार कधी, एवढं लिहा. परप्रांतातले, नेपाळचे खलाशी विसरू नका. त्यांची चौकशी करायला इथे त्यांचं कोणी नसतं. घरातल्या माणसाच्या आधार कार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स घरी ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

वादळाची बातमी आली की वही उघडा. कोण परतलं, कोण राहिलं, ते पाहा आणि मत्स्य विभागाला, पोलीस ठाण्याला लगेच कळवा.

तुमच्या गटाने वही सुरू केली की आम्हालाही सांगा.