नव्ह शापेलच्या भिंतीवर



मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी इंग्लंडमध्ये मोटरहोम भाड्याने घेतली. आत शेगडी, बेसिन, पलंग. भाजणी आणि लसूण चटणी आपली. ब्रायटनजवळच्या टेकडीवर गाडी दूर ठेवून चालत गेलो. पहिल्या महायुद्धात तिथल्या इस्पितळांत दगावलेल्या 53 हिंदू-शीख सैनिकांचं दहन झालं, त्या जागी 1921 मधली संगमरवरी छत्री आहे.

डोव्हरहून बोटीने कॅले. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजवीकडून, आमचं स्टिअरिंगही उजवीकडेच. ओव्हरटेक करताना समोरचं फक्त मला दिसायचं. ह्यांनी माझं इतकं कधीच ऐकलं नव्हतं!

जायचं होतं नव्ह शापेलला. 28 ऑक्टोबर 1914 रोजी मुंबई सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या तिथे लढल्या. माझ्या आजीचे चुलते त्यांत होते. घरी आलं ते नाव कोरलेलं गोल पदक. ज्यांची कबर नाही, अशा 4,600 हून अधिक जणांची नावं तिथल्या गोलाकार स्मारकावर आहेत.

तासाभराने नाव सापडलं. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती काही बोलली नाही, फक्त डोक्यावर पदर घेतला.

तुमच्या घरी, गावाकडच्या ट्रंकेत असं पदक असेल तर त्यावरचं नाव आज जेवणाआधी मला लिहून द्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी नावावरून शोधता येतात. स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून बघू.