दोन शास्त्रं, एक प्रश्न



बारावीचा निकाल लागला की रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात घरोघरी एकच विषय निघतो : पुढे काय? कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाने अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र दोन्ही घेतो म्हटलं, की वडील विचारतात, "दोन डगरींवर पाय कशाला?" प्रश्न काळजीपोटी असतो. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

उत्तरासाठी लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे १९३३ साली कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. खोताची जमीन कसायची नाही असं ठरवून शेतकऱ्यांनी शेतं ओस ठेवली, हालअपेष्टा सोसल्या. आता हा प्रश्न कुठल्या शास्त्राचा? पिकाचा किती वाटा खोताकडे जातो, कुळाच्या हाती काय उरतं, कर्ज का फिटत नाही, हे अर्थशास्त्र सांगतं. पण पिकवणाऱ्यालाच भाव करण्याची ताकद का नव्हती? कारण कायद्याचं संरक्षण त्याला नव्हतं. इथे राज्यशास्त्र सुरू होतं.

अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. संप १९३९ पर्यंत चालला आणि खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. हिशेब बरोबर असून भागत नाही, तो सभागृहात मान्यही व्हावा लागतो.

आजही तेच आहे. वरशाजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांनी किती हातांना काम दिलं, हे मोजता येतं. पण कुंडलिका स्वच्छ ठेवण्याचा खर्च कुणी उचलायचा, हे आकडे ठरवत नाहीत, माणसं ठरवतात. ग्रामसभेत घरपट्टी-पाणीपट्टीचा विषय निघतो, तेव्हा ही दोन्ही शास्त्रं एकाच सतरंजीवर बसलेली असतात.

ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्र पदवी १९२० च्या सुमारास सुरू झाली. आपल्या मुंबई विद्यापीठातही तृतीय वर्षाला दोन विषयांचे तीन-तीन पेपर घेण्याची सोय होती. नव्या शैक्षणिक धोरणात एक विषय मुख्य आणि दुसरा दुय्यम घेता येतो.

यात एक उणीव आहे, तीही सांगतो. दोन विषय घेतले की प्रत्येकाला वेळ कमी मिळतो. पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करायचं असेल, तर गणित आणि संख्याशास्त्र यांची तयारी पदवीच्या काळातच करावी. नाहीतर पुढे दमछाक होते.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले होते. म्हणजे पदवीच सगळं ठरवते असं नाही. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून त्यांनी राजीनामा दिला. तिजोरी सांभाळणाऱ्यालाही एके दिवशी राजकीय भूमिका घ्यावीच लागते.

तेव्हा मुलाने हे दोन विषय मागितले, तर डगरी दोन असल्या तरी नदी एकच आहे, एवढं लक्षात ठेवा.